नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांकडची नामावळी: विसर्जनानंतरचा तो तास सोडू नका

रामकुंडावर अस्थिविसर्जन कसं होतं, काय काय न्यावं लागतं, हे पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या तासाभराबद्दल. विधी आटोपतो, ओले कपडे बदलून होतात, सगळ्यांना भूक लागलेली असते, आणि गुरुजी विचारतात, "घरी येता का? नामावळी बघा, नवीन लेख लिहून द्या." बहुतेक जण गाडीची वेळ सांगून हात जोडतात आणि निघतात. आमचंही तसंच होणार होतं. मुलगी हटून बसली म्हणून आम्ही गेलो, आणि त्या तासात मला जे मिळालं ते आयुष्यभर पुरेल.

ज्यांना नामावळी म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थावरच्या पिढीजात पुरोहितांच्या, घराघरांत पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वह्या आहेत. कोणत्या गावच्या, कोणत्या आडनावाच्या यजमानांचे उपाध्ये कोण, हे त्यांच्यात पूर्वापार वाटलेलं असतं. घरातलं कोणी अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा नुसतं गंगास्नानाला आलं की त्याने त्या वहीत लेख लिहून द्यायचा. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, 'गंगेवर जाऊन येतो' असंच बोलतात.) स्वतःचं नाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, मूळ गाव, हल्लीचा मुक्काम, कशासाठी आलो, तारीख, आणि खाली सही. सही येत नसेल तर अंगठा. पुढे त्या घरातलं कोणी आलं की आधीचे लेख त्याला वाचून दाखवायचे, आणि त्याने आपला लेख त्यांच्याखाली लिहायचा. सेवा म्हणाल तर एवढीच, पण ती शेकडो वर्षं चालू आहे.

आम्ही गेलो ते माझ्या नणंदेच्या अस्थी घेऊन.

ती माझी नणंद व्हायच्या कितीतरी आधी माझी मैत्रीण होती. कल्याणला पाचवीत आम्हाला एका बाकावर बसवलं आणि तिथून आम्ही उठलोच नाही म्हटलं तरी चालेल. तिची आई लवकर गेलेली. दुपारच्या सुट्टीत ती आमच्याकडे जेवायला यायची, आणि माझी आई तिच्या केसांना तेल लावून वेणी घालून परत पाठवायची. पुढे डी.एड. करून ती मुरबाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. रोज सकाळची एसटी, संध्याकाळी पदराला खडूची पूड. माझ्या लग्नाचं बघायला लागल्यावर ती एका रविवारी एकटीच आमच्या घरी आली आणि आईला म्हणाली, "काकू, स्थळ मीच घेऊन आलेय. माझ्या भावाला द्या हिला. तुमच्या हातचं जेवले, आता हिच्या हातचं जेवते." आईला रडू आलं. आमच्या घरी या लग्नाला एवढीच बोलणी झाली.

भोंडल्याच्या गाण्यांतली नणंद द्वाड असते. माझ्या वाट्याला जी आली ती माझ्या पहिल्या मंगळागौरीला रात्रभर माझ्यासोबत जागली, माझ्या बाळंतपणात शाळेतून रजा घेऊन घरी बसली. तिने लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहिली. मुलीची ती आत्या, म्हणून घरादाराची 'आत्तू' झाली. या दिवाळीत दुखणं स्वादुपिंडाचं निघालं आणि मार्गशीर्षात ती गेली.

तिच्या अक्षराबद्दल आधीच सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फळ्यावर लिहायची सवय असलेल्या बाईंचं अक्षर. ती शब्द पूर्ण लिहून घ्यायची आणि मग त्यावर एका दमात, डावीकडून उजवीकडे शिरोरेघ ओढायची. रेघ शब्दाच्या थोडी पुढे जायची आणि टोकाला किंचित वर उचललेली असायची. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या सगळ्या तिच्या हातच्या: तूरडाळ, हरभराडाळ, शेंगदाण्याचं कूट, भाजणी (चकलीची), भाजणी (थालीपिठाची). लोणच्याच्या बरणीवर महिना आणि वर्ष. ती गेल्यावर मी डबे घासायला काढले नाहीत ते चिठ्ठ्या भिजतील म्हणून.

कल्याणहून आम्ही सकाळची तपोवन एक्सप्रेस धरली: हे, मी आणि मुलगी. नाशिकरोडला उतरून पंचवटीपर्यंत रिक्षा. अंतर चांगलं नऊ-दहा किलोमीटरचं आहे, भाडं आधी ठरवून घ्या. रिक्षातून उतरल्या उतरल्या "अस्थी का? चला" म्हणत माणसं पुढे येतात. त्यांच्यामागे लगेच जाऊ नका. घाटावर कोणत्याही गुरुजींना आपलं मूळ गाव, तालुका आणि आडनाव सांगा आणि "यांचे उपाध्ये कोण?" एवढंच विचारा. आमचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं. ह्यांना १९९८ साली वडिलांच्या अस्थी आणल्या तेव्हाची गल्ली अंधुक आठवत होती, घर नाही. पहिल्याच गुरुजींनी गाव ऐकून हातातलं काम न थांबवता सांगितलं, "ते अमक्यांकडे. वस्त्रांतरगृहापाशी थांबा, निरोप देतो." काही वेळाने पन्नाशीचे एक गुरुजी सायकलवरून आले. हेच आमचे.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेला वळते, म्हणून त्या ठिकाणाला महत्त्व. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी श्रद्धा आहे, आणि कुंडात अस्थी विरघळून जातात असं मानतात म्हणून तिथल्या तीर्थाला अस्थिविलय म्हणतात. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भागही इथे विसर्जित झाला. जागा म्हणून विचाराल तर सकाळी फार गजबज असते. एकीकडे पिंडदान, एकीकडे मुंडण, मध्येच सहलीची मुलं, पलीकडे भाजीबाजार. मला शांतता हवी होती, ती मिळाली नाही. पण गुरुजींनी घाई केली नाही. संकल्पात गोत्र आणि आत्तूचं पूर्ण नाव स्वच्छ उच्चारलं, आम्हाला प्रत्येक वेळी काय करतोय ते मराठीत सांगितलं. कलश ह्यांच्या हातात होता. मी विचारलं, मी हात लावला तर चालेल का? "लावा की. तुमची कोण?" मी म्हटलं, नणंद. मग म्हटलं, मैत्रीण. ते म्हणाले, "मग दोन्ही हात लावा."

या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला कायम दुवा देईन.

त्यांचं घर पंचवटीतल्या एका बोळात, जुना वाडा, लाकडी जिना. माळ्याखालच्या कपाटात वह्या लाल खारव्याच्या कापडात बांधून ठेवलेल्या. प्रत्येक गाठोड्यावर तालुक्याची चिठ्ठी. त्यांनी आमचं गाव काढलं, मग आडनाव, मग ह्यांच्या आजोबांचं नाव विचारलं. वही मांडीवर घेऊन पानं इतक्या हलक्या हाताने उलटत होते की आम्ही तिघंही गप्प झालो.

सगळ्यात जुना लेख शके १८५०चा निघाला, म्हणजे १९२८. मोडीत. गुरुजींनी बोट न टेकवता वाचून दाखवला: ह्यांचे पणजोबा आपल्या आईच्या अस्थी घेऊन दोघा भावांसह आले होते, बैलगाडीने. खाली 'निशाणी डावे हाताचा अंगठा' आणि शाईचा ठसा. घरात आमच्याकडे पणजोबांचा फोटो नाही, एखादी वस्तू नाही. नाव ह्यांना माहीत होतं, पण भावांची नावं नव्हती. मुलगी त्या ठशाकडे खूप वेळ बघत राहिली. तिच्या खापरपणजोबांच्या बोटाच्या रेषा होत्या त्या, अगदी स्पष्ट.

मधले लेख भराभर झाले. त्यांतल्या बायकांची नावं नवऱ्याच्या नावापुढे, मुलींची जवळजवळ नाहीतच. लग्न होऊन जायच्या त्या दुसऱ्या घराण्याच्या वहीत, तिथेही कोणाची तरी भार्या म्हणून. वंशावळ म्हणजे पुरुषांची यादी, हे वहीत डोळ्यांना दिसतं आणि ते बोचतं. आणखीही एक आहे. याच पंचवटीत, काळाराम मंदिरात सगळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तेव्हा या वह्यांत महाराष्ट्रातल्या सगळ्यांच्या पिढ्या सारख्या मानाने नोंदल्या गेल्या असतील, असं मी म्हणणार नाही. नामावळीचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही. ज्यांची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत अशी माणसंही तितकीच कोणाची तरी लाडकी होती.

मग १९९८चं पान आलं.

गुरुजींनी वाचायला सुरुवात करायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. शब्दाच्या पुढे गेलेली ती शिरोरेघ, टोकाला उचललेली. निळी शाई, आता थोडी करडी पडलेली. तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर होती. ह्यांना मी विचारलं, लेख आत्तूने लिहिला होता? हे म्हणाले, "हो. गुरुजींच्या वडिलांनी वही माझ्यापुढे ठेवली, मी तिच्याकडे सरकवली. अक्षर तिचं चांगलं. मी फक्त खाली सही केली." काय लिहिलंय ते त्यांनी वाचलंसुद्धा नव्हतं. वडील गेलेले, माणूस कुठल्या अवस्थेत असतो!

लेख असा होता. घराण्याची नावं गाळून जसाच्या तसा देते:

"वडिलांच्या अस्थी घेऊन मुलगा व मुलगी आलो. आई पूर्वीच वारली. वडील स्वभावाने शांत, कोणाचे देणे ठेवले नाही. घरी भावजय आहे, ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिला गेल्या महिन्यात मुलगी झाली म्हणून ती येऊ शकली नाही, तिचा नमस्कार. मुलीचे नाव अजून ठेवायचे आहे. ठेवल्यावर कळवू. लेख लिहिणार मुलगी."

मी तो वाचला आणि मला पुढचं काही दिसेना. गुरुजींच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, पाठीवर हात ठेवून बसल्या. कोणी काही बोललं नाही, वहीही मिटली नाही.

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या दिवशी मी नाशिकला नव्हते. सासरे गेले आणि मी बाळंतिणीच्या खोलीत, याची रुखरुख कायम होती. ते मला लेकीसारखं वागवायचे. आत्तूला हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिने ते न सांगता ओळखलं आणि माझा नमस्कार तिथे पोचवून आली, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलली नाही. अशीच होती ती. शाळेतल्या मुलांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे भरायची, ते आम्हाला तिच्या तेराव्याला आलेल्या बाप्ये झालेल्या विद्यार्थ्यांकडून कळलं.

मुलगी म्हणाली, "आई, यात माझं नाव कळवायचं राहिलंय." आत्तूने ते कळवलं नव्हतं. नाव तिनेच ठेवलं होतं, बारशाला कानात कुर्र तिनेच केलं होतं. तेव्हा नवा लेख कोण लिहिणार हा प्रश्नच उरला नाही. गुरुजींनी वही ह्यांच्यापुढे धरली, ह्यांनी ती मुलीकडे दिली.

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. आत्तूचं पूर्ण नाव, जन्मगाव, कोणत्या शाळांत शिकवलं, किती वर्षं. अविवाहित असं लिहायचं का, मुलीने विचारलं. मी म्हटलं, नको, 'आयुष्यभर भावाच्या घरासोबत राहिली' असं लिही. मग एका ओळीत: हिच्या हातच्या चकल्या मोडायच्या नाहीत. गुरुजी हसले, म्हणाले, "लिहा. असं कोणी लिहीत नाही म्हणून पुढच्यांना काही कळत नाही." भावजयीबद्दल आत्तूने जे लिहिलं होतं तेच शब्द मी नणंदेसाठी लिहायला सांगितले: शाळेपासूनची मैत्रीण. शेवटी मुलीने '१९९८च्या लेखात नाव कळवू म्हटले होते, ते हे' असं लिहून स्वतःचं नाव घातलं. सही तिने केली, ह्यांनी केली, आणि मी केली. आमच्या घराण्याच्या पानावर सुनेची सही पहिल्यांदाच पडली असावी. गुरुजींनी त्याला काहीच हरकत घेतली नाही. आता मुलींची, जावयांची, नातवंडांची नावं ते स्वतःहून विचारून लिहून घेतात, आडनाव वेगळं असलं तरी.

आता जाणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी. नामावळी शोधायला सर्वांत महत्त्वाचं मूळ गाव. हल्लीचा पत्ता उपयोगाचा नाही. दोन पिढ्या मुंबईत काढलेल्या घरांत मुलांना मूळ गाव ठाऊक नसतं; घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला विचारून गाव, तालुका, आणि गाव एकाच नावाची दोन असतील तर शेजारचं गावही लिहून घ्या. आजोबा-पणजोबांची नावं आणि जमलं तर त्यांच्या भावांची. नात्यातलं कोणी आधी नाशिकला गेलं असेल तर कोणत्या साली, एवढं कळलं तरी पान लवकर सापडतं. पितृपक्षात आणि अमावास्येला गुरुजींना श्वास घ्यायला वेळ नसतो. नुसती नामावळी बघायची असेल तर साधा दिवस, दुपारची वेळ, आणि आधी फोन. मयत झालेलीच असायला पाहिजे असं नाही. कधीही जाऊन लेख लिहिता येतो.

दक्षिणेचं विचाराल तर विधीची आम्ही आधी ठरवली होती. नामावळीची त्यांनी मागितली नाही, आम्ही आनंदाने दिली. सगळीकडे असंच असेल असं नाही, तेव्हा विधीच्या आधी मोकळेपणाने विचारून घ्यावं. त्यात संकोच कशाचा? आपल्या पानाचा फोटो काढू देतील का, हेही विचारा. आमच्या गुरुजींनी दिला, पण शेजारच्या घराण्याचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकून. मला ते फार आवडलं. दुसऱ्याच्या घरातली दुःखं आहेत ती, कोणाच्याही मोबाइलमध्ये जायला नकोत.

काळजी एकाच गोष्टीची वाटली. जुन्या वह्यांना कसर लागलेली आहे, काही पानांच्या कडा हातात येतात. गोदावरीचे पूर नाशिककरांना नवे नाहीत. तिथे पूर मोजतातच दुतोंड्या मारुती किती बुडाला त्यावरून. खालच्या मजल्यावर ठेवलेल्या वह्यांचं काय होत असेल, या विचाराने पोटात गोळा येतो. आमच्या गुरुजींची सून आता रोज थोडी थोडी पानं फोटो काढून जपून ठेवते, तेही घरचं सगळं आवरून, स्वतःच्या खर्चाने. मोडी वाचणारे त्यांच्या घरात आता ते एकटेच, मुलगा शिकतोय. यजमानांनी आपापल्या घराण्याच्या वहीपुरता बांधणीचा आणि कापडाचा खर्च उचलला तर हे काम सोपं होईल. आम्ही आमच्यापुरता उचललाय, आणि चुलत घरांकडूनही गोळा करतोय.

माझं माहेर मूळ जुन्नर तालुक्यातलं, त्यांचे उपाध्ये वेगळे. गुरुजींनी घराणं सांगितलंय, नंबरही दिलाय. सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत, उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाला घेऊन जाणार आहे. त्या लेखात आईबद्दल लिहायचंय, आणि दुपारच्या सुट्टीत ती कोणाची वेणी घालायची तेही.